टॅक्सीभाड्याचं गणित: दर जुळतच नाहीये, उदाहरण चुकीचं छापलंय का?

दहावीचा_बाबा
मुलगी दहावीला आहे, दोन चलांतील रेषीय समीकरणं चालू आहेत. उदाहरण असं, टॅक्सीचं भाडं म्हणजे काही ठरावीक रक्कम अधिक दर किमीचा आकार, 8 किमीला 146 रु. आणि 12 किमीला 210 रु. झाले तर 20 किमीला किती? तिने सरळ भागाकार केला, 146 भागिले 8 म्हणजे 18.25 आणि 210 भागिले 12 म्हणजे 17.50, आता म्हणतेय दर दोन वेगळे येतायत म्हणजे उदाहरणच चुकलंय. मला समजावता येईना. कुणी सांगेल का?

फळा_आणि_खडू
ठरावीक रक्कम x, दर किमीचा आकार y धरा.
x + 8y = 146
x + 12y = 210
वजा करा, 4y = 64, y = 16, मग x = 18. 20 किमीला 18 + 320 = 338 रु.

निर्धारकवाला
क्रेमरच्या निर्धारक पद्धतीने पण करून बघा, D = 4, Dx = 72, Dy = 64, म्हणजे x = 72/4, y = 64/4, उत्तर तेच.

रेघोट्या
अहो क्रेमर कशाला मध्ये, पोरीची अडचण वेगळीच आहे. ती भागाकार करते म्हणजे भाडं अंतराच्या सम प्रमाणात आहे असं धरूनच चालते, पण ते 18 रुपये तर गाडीत बसल्या बसल्याच लागतात आणि अंतर वाढेल तसे ते जास्त किलोमीटरवर वाटले जातात म्हणून सरासरी उतरत जाते (तिचे आकडे बरोबरच आहेत, नीट बघितलं तर 18.25 पेक्षा 17.50 कमीच आहे ना). तिला एवढंच विचारा, 8 वरून 12 ला गेलो तर जादा पैसे किती पडले? 4 किमीला 64, म्हणजे किमीला 16. हा फरक कुठेही काढा, किमीला 16 च येणार. आलेख काढायला लावा, रेषा सरळच येईल पण आरंभबिंदूतून जाणार नाही, Y अक्षाला 18 वर कापेल.

दहावीचा_बाबा
हे पटलं तिला! आता विचारतेय रिक्षाच्या मीटरचं पण असंच समीकरण होतं का.

रेघोट्या
होतं, पण गंमत आहे. पुण्यात 2022 ला ठरलेला दर घ्या, पहिल्या दीड किमीला 25 रु. आणि पुढे दर किमीला 17. अंतर d असेल तर भाडं 25 + 17(d − 1.5), म्हणजे 17d − 0.5. ठरावीक रक्कम चक्क उणे 50 पैसे! 3 किमीला 50.50 येतात, ताळा करून बघा. फक्त हे दीड किमीच्या पुढेच चालतं, d = 1 घातलं तर 16.50 येतील पण रिक्षावाले काका 25 च घेणार, कारण तिथपर्यंत आलेख आडवाच आहे.