फॉल्स सीलिंगमधले हॅलोजन स्पॉट, वर ग्लासवूल: नुसता एलईडी बल्ब टाकून भागेल का?

वरचा_मजला
गच्चीखालचा फ्लॅट आहे. उकाड्यासाठी हॉलच्या जिप्सम सीलिंगवर ग्लासवूल अंथरलंय. खाली १२ व्होल्टचे, ५० वॅटचे आठ हॅलोजन स्पॉट. त्यातल्या दोन स्पॉटच्या कडेला बोर्ड तपकिरी पडलाय, पण एमसीबी कधी पडला नाही. बल्ब बदलले की झालं?

तारजोडणी
ते दोन स्पॉट आजपासून लावू नका. डायक्रोइक हॅलोजन (मागच्या आरशातून उष्णता आरपार जाऊ देणारा बल्ब) प्रकाश खाली टाकतो, पण बरीचशी उष्णता मागे, पोकळीत सोडतो. वर ग्लासवूल असलं की ती तिथेच कोंडते. ग्लासवूल स्वतः सहजी पेटत नाही. त्याच्या पाठीचा कागद आणि फ्रेममधलं प्लाय मात्र पेटतं.

एमसीबीवर विसंबू नका, तो करंट जास्त झाला तरच पडतो. ढिल्या जॉइंटमधून करंट नेहमीइतकाच जातो, तापतो फक्त तो जॉइंट. एमसीबीला ते कळतच नाही. आरसीसीबी बसवाच, पण तोही करंटची गळतीच पकडतो, तापलेला जॉइंट नाही.

छतातला_ड्रायव्हर
फिटिंगच बदला. स्पॉटला १२ व्होल्ट देणाऱ्या जुन्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला किमान लोड लागतो; ५ वॅटच्या एलईडीवर तो अनेकदा लुकलुकतो. स्वतःचा ड्रायव्हर (एलईडीला हवा तेवढाच करंट देणारा डबा) असलेला, बीआयएस नोंदणी क्रमांक (R-) छापलेला डाउनलाइट घ्या.

एमसीबी बंद करा, टेस्टरने खात्री करा, स्प्रिंग दाबून स्पॉट खाली ओढा. वायर वाकवून बघा. इन्सुलेशन कडकडीत असेल किंवा तांबं काळवंडलं असेल, तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. जॉइंट टेप गुंडाळून सोडू नका. कनेक्टर लावून झाकणाच्या बॉक्समध्ये घ्या. फिटिंगवर लिहिलंय तेवढं अंतर सोडून ग्लासवूल कापा. ड्रायव्हर बाजूला, मोकळ्या हवेत, भोकातून हात पोचेल असा ठेवा.

वरचा_मजला
कोव्हमध्ये (सीलिंगच्या कडेच्या खाचेत) ५ मीटर एलईडी स्ट्रिप आहे, मीटरला १४.४ वॅटची. १२ व्होल्टला धोका नसतो ना?

तारजोडणी
शॉकचा नसतो, आगीचा असतो. ७२ वॅट म्हणजे १२ व्होल्टला ६ अँपिअर, आणि क्लिप-कनेक्टरची बारीक पकड तिथेच तापते. टोकं सोल्डर करा. एसएमपीएस (स्ट्रिपला १२ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) १०० वॅटचा घ्या, कोव्हच्या तळाशी प्लायवर आडवा टाकू नका. तासभर लावून ठेवा, मग बंद करून जोडाला हात लावा: चटका बसला तर जोड पुन्हा करा.