मित्र एकाच शहरात, तरीही स्टारड्यू व्हॅलीत थेट जोडणी होत नाही

प्रश्नकर्ता, मानेवाडा
माझा शाळेपासूनचा मित्र काटोल रोडला राहतो आणि आम्ही दोघे आपापल्या संगणकावर स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा खेळ एकत्र खेळतो. आमंत्रण कोड देऊन तो माझ्या शेतात येतो खरा, पण मध्येच संपर्क तुटतो, म्हणून थेट आयपी पत्त्याने जोडून पाहायचे ठरवले. त्याच्यासाठी खेळात केबिन (सोबत्याचे घर) बांधलेली आहे, दोघांकडे खेळाची आवृत्ती एकच आहे आणि राउटरमध्ये २४६४२ हा यूडीपी पोर्ट (खेळाची माहिती आत येण्याचा क्रमांकित मार्ग) माझ्या संगणकाकडे वळवला आहे. 'माझा आयपी' दाखवणाऱ्या संकेतस्थळावरचा पत्ता टाकूनही त्याची जोडणी होत नाही, आणि पोर्ट तपासणारे संकेतस्थळ तो पोर्ट बंद असल्याचे सांगते. अडचण नेमकी कुठे आहे, हे कसे शोधावे?

उत्तर, धरमपेठ
पोर्ट तपासणीचा तो निकाल आधी बाजूला ठेवा. टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत; अशी बहुतेक संकेतस्थळे टीसीपी तपासतात आणि हा खेळ यूडीपी वापरतो, त्यामुळे सारे सुरळीत असतानाही तिथे 'बंद' दिसू शकते.

राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी' (पुरवठादाराने राउटरला दिलेला पत्ता) पाहा आणि तो तुम्ही मित्राला दिलेल्या पत्त्याशी ताडून बघा. दोन्ही जुळत नसतील, आणि विशेषतः राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर तुमचा इंटरनेट पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटत आहे. याला सीजीनॅट म्हणतात. आयपीव्ही४ चे (म्हणजे चार आकड्यांच्या या नेहमीच्या पद्धतीचे) पत्ते मुळात सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक मोकळा साठा २०११ मध्ये संपला आणि २०१२ मध्ये हा टप्पा याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. अशा जोडणीत मित्राकडून आलेली विनंती पुरवठादाराच्या यंत्रणेपर्यंत पोहोचते, पण ती पुढे कोणत्या घरी द्यायची याची नोंद तिथे नसल्यामुळे तिथेच टाकून दिली जाते. मग घरच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग होत नाही, आणि मित्र शेजारच्या गल्लीत राहत असला तरी फरक पडत नाही.

उत्तर, त्रिमूर्तीनगर
विंडोज फायरवॉलही (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सोय) पाहून घ्यावी. खेळ पहिल्यांदा सुरू करताना आलेल्या परवानगीच्या चौकटीत 'कॅन्सल' दाबले गेले असेल, तर विंडोज त्या खेळासाठी अडवणूक करणारा नियम तयार करून ठेवते. 'इनबाउंड रूल्स'मध्ये जाऊन तो नियम काढून टाकावा. अख्खी फायरवॉल बंद करू नये.

प्रश्नकर्ता, मानेवाडा
तुम्हा दोघांचेही मनापासून आभार. फायरवॉलमध्ये तसा नियम नव्हता, पण राउटरमधला पत्ता १००.७२ ने सुरू होतो. मित्राकडे मात्र दोन्ही पत्ते जुळतात. यजमान त्याने व्हावे (म्हणजे खेळ त्याच्या संगणकावरून चालवावा), तर शेत माझ्याकडे जतन झालेले आहे आणि ते सोडायची माझी इच्छा नाही.

उत्तर, धरमपेठ
मग शेत हलवू नका. दोन मार्ग आहेत. पुरवठादाराकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागता येतो. काही जण तो वेगळे शुल्क घेऊन देतात. मी आधी दुसरा मार्ग सुचवीन: दोन्ही संगणकांवर टेलस्केल किंवा झिरोटियर हे सॉफ्टवेअर टाकून दोघांचे एक आभासी नेटवर्क तयार करा आणि खेळातल्या 'जॉइन लॅन गेम'मध्ये मित्राला तुमचा तिथला पत्ता टाकायला सांगा. यात दोन्ही संगणक आधी बाहेरच्या सर्व्हरशी बोलून एकमेकांपर्यंतची वाट काढतात, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडावा लागत नाही. थेट वाट मिळाली नाही, तर माहिती मधल्या सर्व्हरमार्गे जाते. टेलस्केलचे पत्तेही १०० च्या याच टप्प्यातले असतात, तेव्हा राउटरमधला पत्ता मित्राला चुकून देऊ नका.

संपर्क तुटण्याचे कारण मात्र वेगळे असू शकते. दोघांपैकी कोणी वाय-फायवर खेळत असेल, तर आधी लॅन केबल लावून, आमंत्रण कोडनेच पुन्हा खेळून पाहा. तेवढ्याने तुटणे थांबले, तर वरचे काहीच करावे लागणार नाही.