महिन्याचा बेरोजगारी दर कमी दिसतो, मग गावात काम का नाही?

वणीकर
वणी-पांढरकवडा पट्ट्यातल्या काही गावांच्या रोजगाराची महिनावार नोंद ठेवायची आहे. पीएलएफएसचा (केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणाचा) बेरोजगारीचा मासिक दर मिळतो, पण त्यात महाराष्ट्र वेगळा सापडत नाही. उन्हाळ्यात पारावर माणसं बसून असतात, तरी दर एवढा कमी कसा? ईपीएफओचे (भविष्यनिर्वाह निधी संघटनेचे) ‘नोकऱ्या वाढल्या’वाले आकडे सोबत धरले तर चालतील काय?

आकडेमोड
सापडणार नाही भाऊ. मासिक पत्रक अखिल भारताचं असतं. राज्यासाठी तिमाही पत्रक उघडा. त्यात ग्रामीण भाग एप्रिल-जून २०२५ पासून आला, आधीची तिमाही पत्रकं फक्त शहरांची होती. जानेवारी २०२५ मध्ये नमुना निवडण्याची पद्धतच बदलली, तेव्हा जुने-नवे आकडे एका रेघेत जोडू नका.

दर कमी दिसतो तो व्याख्येमुळे. मागच्या ७ दिवसांत एखाद्या दिवशी १ तास जरी काम केलं, तरी माणूस ‘रोजगारात’. घरच्या वावरात बिनमजुरीनं राबणारी सूनही त्यातच. शिवाय दर काढताना भागायचं असतं काम करणारे अधिक काम शोधणारे यांच्या बेरजेनं, सगळ्या गावानं नाही.

१५ वर्षांवरची १००० माणसं धरा. ५७० कामावर, ३० शोधात: ३० भागिले ६००, दर ५ टक्के. वेचणी आटोपली, शोधणाऱ्यांतल्या २० बाया ‘आता काय मिळते’ म्हणून घरी बसल्या. राहिले १० भागिले ५८०, दर १.७. एकही नवा रोजगार नाही अन् दर तिसऱ्या हिश्शावर! म्हणून दराशेजारी कामगार-लोकसंख्या गुणोत्तर, म्हणजे शंभरातले किती कामावर, तेही लिहा. ते दोन्ही वेळा ५७ टक्केच राहतं.

बांधावरून
मागच्या महिन्याशी तुलना तर करूच नका. हे आकडे हंगामाचा परिणाम काढून दिलेले नसतात. देशाचा दर एप्रिल २०२५ मध्ये ५.१ होता, मेमध्ये ५.६ झाला, रबीची कापणी संपली की असं होणारच. आपल्याकडे जून-जुलैत पेरणी-डवरणी-निंदण, ऑक्टोबरात सोयाबीन, मग कापसाची वेचणी अन् जिनिंग. पूर्वेकडे गोंदियाच्या बाजूला धानाची रोवणी जुलै-ऑगस्टात, तेंदूपत्ता मेमध्ये. यवतमाळ अन् गोंदियाचा रिकामा महिना एक नसतो. यंदाचा मे मागच्या मेशीच ताडून पाहायचा.

हजेरीपट
ईपीएफओचा आकडा वेगळा ठेवा. नवीन आलेले, वजा सोडून गेलेले, अधिक परत आलेले, अशी ती निव्वळ भर असते. कायदा साधारण २० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू, त्यामुळे निंदणाच्या बाया त्यात कधीच येत नाहीत. जुनाच कामगार पहिल्यांदा खात्यावर चढला तरी तो ‘नवीन’. पहिला आकडा तात्पुरता असतो, पुढे बदलतो.

गावपातळीवर रोहयोच्या संकेतस्थळावरचे मनुष्यदिवस ग्रामपंचायतनिहाय मिळतात. खोट एकच: शेल्फवर (मंजूर कामांच्या यादीत) काम नसलं तर मागणीच चढवली जात नाही, अन् कागदावर गरजच नव्हती असं दिसतं. रोहयोच्या जागी आणलेल्या डिसेंबर २०२५ च्या नव्या कायद्यात वर्षाला १२५ दिवस काम आहे, पण पेरणी-कापणीच्या काळात मिळून ६० दिवसांपर्यंत काम थांबवण्याची तरतूदही आहे. ती लागू झाल्यावरचे महिने वेगळ्या रकान्यात टाका.

वणीकर
मग स्वतःच मोजायचं तर घरं किती घेऊ?

आकडेमोड
पीएलएफएस एका नमुना-गावात १२ घरं घेतं अन् तीच घरं सलग ४ महिने पाहतं. तुम्हीही तसंच करा, मात्र त्यावरून एकेका गावाचा टक्का काढू नका, सगळी गावं एकत्र धरा. ‘काम होतं का?’ असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. सातही दिवसांचे रकाने पाडा. प्रत्येकात मजुरी, घरचं वावर, शोधात की घरी, अन् मजुरीचे रुपये. पोळ्याचा किंवा झडीचा आठवडा आला तर शेरा मारा, नाहीतर पुढच्या वर्षी तो महिना उगाच खड्ड्यात गेलेला दिसेल.