मदत हवी आहे: फाउंड्रीची वापरलेली वाळू शेजारच्या पेव्हर ब्लॉक कारखान्याला देताना

कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री (धातू ओतकामाचा कारखाना) आहे. मोल्डिंगची वापरलेली वाळू दूर नेऊन टाकण्याऐवजी शेजारच्या पेव्हर ब्लॉकवाल्यांना द्यायची आहे. डेन्मार्कच्या कालुंडबोर्गमध्ये 1972 पासून रिफायनरीचा गॅस शेजारच्या जिप्सम बोर्ड कारखान्याला जाऊ लागला आणि पुढे वीजकेंद्राची वाफही वाटली गेली. तसं आपल्याकडे का होऊ नये, असं मनापासून वाटतं.

फक्त ग्रीन सँड (बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळलेली साच्याची वाळू) देणार. रेझिनवाली (रासायनिक चिकटद्रव्य घातलेली) वाळू वेगळी ठेवतो, ती यात नाही. चाळून लोखंडाचे कण चुंबकाने काढतो. नेहमीच्या वाळूच्या जागी 10 टक्के घातली तर ब्लॉक चांगले येतात. 20 टक्क्यांवर 28 दिवसांची ताकद घसरते. बेंटोनाइट आणि कोळशाच्या भुकटीमुळे पाणी जास्त लागतं, हे कारण असावं. धुवायला पाणी आणि जागा नाही. ब्लॉक आयएस 15658 या पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकानुसार एम-35 (28 दिवसांनी 35 एमपीए ताकदीच्या) दर्जाचे हवेत.

न धुता, कोरडेपणीच ही बारीक भुकटी कमी करायची स्वस्त पद्धत कोणी वापरली आहे का? आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात बदल फक्त आम्हीच करून घ्यायचा, की वाळू घेणाऱ्यांनीही?