पैशाच्या मागे फक्त मुलीच नाहीत

‘मून ओव्हर मायामी’ या जुन्या हॉलिवूड सिनेमातल्या मुली निव्वळ पैशामागे लागलेल्या आहेत, असं कुणी म्हणतं ते मला पटत नाही. वारशाच्या तुटपुंज्या रकमेवर नायिका बेटी ग्रेबल श्रीमंत बाई असल्याचं सोंग आणते, बहीण तिची सेक्रेटरी बनते आणि मावशी मोलकरीण! पण ज्याच्यावर तिचा जीव जडतो तो नायक डॉन अमीचीही कफल्लकच निघतो, आणि तरी ती त्यालाच निवडते. सिनेमाचा खरा गोडवा तिथेच आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला असून सिनेमात युद्ध का दिसत नाही, असा प्रश्न पडेल, तर तो जुलै १९४१ मध्ये आला; अमेरिका युद्धात उतरली डिसेंबरात. तो काढणाऱ्या फॉक्स स्टुडिओने हीच गोष्ट १९३८ आणि १९४६ मध्येही केली आहे. १९४६ची आवृत्ती, ‘थ्री लिटल गर्ल्स इन ब्लू’, जरूर बघा.