साइटवर लोक येतात, बघतात आणि चौकशी न करता जातात. मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

आमचा मापाप्रमाणे लाकडी कपाटं आणि पुस्तकांचे रॅक बनवून देण्याचा व्यवसाय आहे. कारखाना भाऊ बघतो. साइट आणि चौकशीचे फोन माझ्याकडे. साइटवर महिन्याला साधारण १९०० माणसं येतात आणि चौकशीचे फॉर्म येतात ११. हजारी सहासुद्धा नाहीत. मध्ये दोन महिने जाहिराती देऊन पाहिल्या. माणसं वाढली, फॉर्म होते तेवढेच राहिले, म्हणून त्या बंद केल्या.

आतापर्यंत काय केलं ते सांगते, म्हणजे तेच पुन्हा सुचवण्यात तुमचा वेळ जाणार नाही.

पहिलं पान फार जड होतं. वर पाच फोटो आळीपाळीने सरकायचे, एकेक तीन-तीन एमबीचा. पेजस्पीड इनसाइट्समध्ये (साइटचा वेग मोजायचं गूगलचं साधन) मोबाइलवर एलसीपी, म्हणजे पडद्यावरचा सर्वात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, ५.८ सेकंद येत होता. गूगलच्या निकषाप्रमाणे तो २.५ सेकंदांच्या आत हवा. सरकते फोटो काढून एकच ठेवला, तो वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात केला, तरी आकडा फारसा हलेना. बरीच शोधाशोध केल्यावर कळलं की आमची थीम (साइटचा तयार साचा) सगळ्याच फोटोंना लेझी लोडिंग लावते, म्हणजे फोटो पडद्यावर यायची वेळ झाली की मगच उतरवते, अगदी वरच्या फोटोलासुद्धा. त्यामुळे जो सर्वात आधी दिसायला हवा तोच मागे राहत होता. तेवढ्या एका फोटोपुरतं ते काढलं आणि २.४ वर आलो. ज्यांची साइट तयार थीमवर आहे त्यांनी हे एकदा तपासाच.

वेग सुधारला, फॉर्म मात्र वाढले नाहीत.

मग मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी बसवलं. फुकट आहे, आणि माणूस पानावर कुठे थांबला, कुठे बोट लावलं याचं रेकॉर्डिंग दिसतं. (फॉर्ममध्ये कोण काय लिहितं ते झाकलेलं असतं, ते योग्यच आहे.) दोन रात्री बसून शंभरेक रेकॉर्डिंग पाहिली. बहुतेकांची वाट एकच. कामांचे फोटो बघतात, एखादं कपाट मोठं करून पाहतात, खाली जातात, वर येतात, 'आमच्याविषयी' उघडतात, पुन्हा त्याच कपाटावर येतात आणि जातात. फोटोखालच्या रिकाम्या जागेवर बोट लावून पाहणारेही बरेच दिसले. ही माणसं किंमत शोधत होती असं माझं ठाम मत झालंय. आमच्या साइटवर किंमत कुठेच नाही.

इथेच आम्हा दोघांत मतभेद आहे. भाऊ म्हणतो, प्रत्येक काम वेगळं, लाकूड वेगळं, आकडा टाकला की गिऱ्हाईक तोच धरून बसेल. त्याचं म्हणणं अनुभवातून आलेलं आहे, मी ते उडवून लावू शकत नाही. पण फोनवर प्रत्येकाचा पहिला प्रश्न 'अंदाजे किती लागतील' हाच असतो, आणि तिथे मी अंदाज देतेच. मग साइटवर द्यायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट फॉर्मची. अ‍ॅनालिटिक्समध्ये (साइटवर कोण काय करतं ते मोजणाऱ्या साधनात) गेल्या महिन्यात ७४ जणांनी फॉर्म भरायला सुरुवात केल्याचं दिसतंय. पाठवला ११ जणांनी. रकाने दहा आहेत: नाव, फोन, ईमेल, पत्ता, उंची, रुंदी, खोली, लाकूड, पॉलिश, कधीपर्यंत हवंय. मापांशिवाय भाव सांगता येत नाही म्हणून ठेवलेत.

मापाप्रमाणे काम करणाऱ्यांपैकी कुणी साइटवर किमती दिल्या आहेत का, आणि कशा? फॉर्ममधलं काय काढू? आणि दोन प्रकारची पानं करून ए-बी टेस्ट करा, म्हणजे अर्ध्या लोकांना एक आणि अर्ध्यांना दुसरं दाखवून ताडून बघा, असं साइट बनवणाऱ्याने सुचवलंय, ते करू का?

प्रतिसाद

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. ए-बी टेस्ट नको. हजारी सहाचे नऊ झाले हे खात्रीने कळायला, नेहमीच्या हिशोबाने, दर पानाला सुमारे १३,००० माणसं लागतात. तुमच्याकडे दोन्ही पानं मिळून महिन्याला १९००. तेरा-चौदा महिने वाट बघत बसाल. सरळ बदल करा आणि आधीचे-नंतरचे महिने ताडून बघा.

७४ आणि ११ हे आकडे मला जास्त बोलके वाटतात. नाव-फोन लिहायला ती माणसं तयार होती. पण मोबाइल हातात घेऊन बसलेल्या माणसाजवळ टेप नसतो. उंची-रुंदी आली की तो 'नंतर बघू' म्हणतो आणि तो नंतर परत येत नाही. नाव, फोन आणि जागेचा फोटो जोडायची सोय एवढंच ठेवा. मापं फोनवर विचारा, नाहीतरी प्रत्यक्ष जाऊन पुन्हा घेतच असाल. फोनच्या रकान्याला कोडमध्ये टाइप 'टेल' (फोन नंबर) द्या, म्हणजे थेट आकड्यांचा कीबोर्ड उघडतो.

किमतीबद्दल: मी मापाप्रमाणे पडदे शिवून देतो. मी दर दिले नाहीत, झालेली कामं दिली. फोटो, माप, कापड, लागलेले दिवस आणि एकूण बिल. आकडा त्या कामाचा असतो, त्यामुळे कुणी तो धरून बसत नाही. उलट फोन करणारा 'ते तिसरं काम आहे ना, तसंच, पण थोडं लहान' असं बोलतो. ज्यांना परवडणार नाही ते आधीच थांबतात.

अजून एक. साइटवरच्या नंबरवर बोट लावून आलेले फोन त्या ११ मध्ये धरलेत का? अ‍ॅनालिटिक्स ते आपणहून मोजत नाही, टॅग मॅनेजरमधून (मोजणीचे कोड साइटवर बसवायचं साधन) त्यासाठी वेगळा इव्हेंट, म्हणजे मोजायची नोंद, लावावा लागतो. तो आधी लावा, नाहीतर बदलाचा परिणाम अर्धाच दिसेल.

धागाकर्तीचं उत्तर

दादा, मनापासून आभार. फोन धरलेच नव्हते. इव्हेंट आज लावला आणि फॉर्म तीन रकान्यांचा केला. झालेल्या कामांचं भावाला विचारलं. तो म्हणाला, सहा बिलं काढून देतो, पण दोन वर्षांपूर्वीची नकोत, लाकडाचा भाव बदललाय. ते पटलं मला. म्हणजे प्रत्येक कामाखाली महिना आणि वर्ष लिहावं लागेल. तुम्ही जुनी कामं काढून टाकता, की तारीख घालून तशीच ठेवता?