४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात लाल दिसणारा प्लाक: हा आकडा नक्की काय मोजतो?

पटाशी_२१

ब्रश शिकवण्याआधी आणि नंतर प्लाक (दातांवर साचणारा जिवाणूंचा थर) मोजण्यासाठी फ्लुओरेसन्स फोटो, म्हणजे जांभळ्या प्रकाशात दात स्वतः जे चमकतात त्याचे फोटो, वापरायचे आहेत. मोबाईलच्या लेन्सभोवती ४०५ नॅनोमीटरच्या एलईडींची रिंग आणि लेन्सवर पिवळा फिल्टर, एवढीच मांडणी. तीन गोष्टींवर गाडी अडली आहे. त्याच दातांचे लागोपाठ फोटो घेतले की लाल भाग दर फोटोत फिका होत जातो. एरिथ्रोसिन (प्लाक दाखवणारा लाल रंग) लावलं की जिथे ढीगभर प्लाक दिसतो, तिथे फ्लुओरेसन्समध्ये बऱ्याचदा काहीच लाल नसतं. आणि काही हिरड्या काळपट येतात, त्यांना 'सूज' म्हणून नोंदवायचं का?

हिरडीकाठ

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. निरोगी दात ४०५ खाली हिरवट चमकतो. लाल चमक येते ती जिवाणूंनी बनवलेल्या पॉर्फिरिन या रंगद्रव्यामुळे, साधारण ६२० ते ६४० नॅनोमीटरच्या पट्ट्यात. पॉर्फिरिन साठायला थर जुना आणि जाड व्हावा लागतो. कालपासून बसलेला कोवळा प्लाक बहुधा लाल दिसतच नाही. एरिथ्रोसिन मात्र नवा-जुना असा भेद न करता सगळंच रंगवतं. म्हणजे दोन्ही खरे आहेत, फक्त मोजतायत वेगळं. रंग सांगतो प्लाक किती पसरलाय, लाल चमक सांगते तो किती मुरलाय. रोज जिथे ब्रश पोहोचतच नाही ती जागा दाखवायला दुसरा आकडा जास्त कामाचा, पण त्याला 'एकूण प्लाक' म्हणू नका. लाल म्हणजे कीड, हेही चूक. किडीशी जोडला जाणारा जिवाणू स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स स्वतः फारसा लाल चमकत नाही.

क्रम चुकवू नका. आधी पाण्याची चूळ, मग गाल-ओठ बाजूला धरून तीन-चार सेकंद हवेने सुकवणं, फ्लुओरेसन्स फोटो, नंतर प्रोबिंग (बारीक सळईने हिरडी तपासणं), आणि एरिथ्रोसिन सगळ्यात शेवटी. तो रंग हिरवा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे रंगवलेला दात खोटाच लाल येतो. प्रोबिंग आधी केलं तर हिरडीकाठचं रक्त प्रकाश गिळतं आणि नेमका तिथलाच प्लाक झाकला जातो.

किटणही लाल-नारिंगी चमकतं आणि ब्रशने जात नाही. ते काढल्याशिवाय पहिला फोटो घेतलात तर 'नंतर'च्या फोटोत सुधारणा दिसणारच नाही.

रॉ_फाइल

फिकं होणं म्हणजे फोटोब्लीचिंग. ज्या प्रकाशाने पॉर्फिरिन चमकतं, त्यानेच ते मोडतं. फोकस जुळवेपर्यंत जांभळा दिवा चालू राहिला तर शटर दाबण्याआधीच लाल उतरायला लागतं. फोकस मंद पिवळट दिव्यात लावून लॉक करा, खोली अंधारी करा, ४०५ फक्त फोटोपुरता, एक-दोन सेकंद पेटवा. दातांचा क्रम दर वेळी तोच ठेवा. पहिला फोटो बिघडला तर लगेच घेतलेला दुसरा पहिल्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

मोबाईलचं ऑटो व्हाइट बॅलन्स हा इथला खरा खलनायक. लाल कमी झालं की ते आपणहून लाल वाढवतं. एचडीआर आणि 'सुशोभन' बंद, आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवलेले, फाइल डीएनजी (प्रक्रिया न केलेली रॉ फाइल). कोपऱ्यात लाल फ्लुओरेसंट ॲक्रिलिकचा नखाएवढा तुकडा ठेवा (४०५ खाली चमकतो ना, ते आधी बघून). दोन फोटोंत त्याचा आकडा बदलला तर दोष मांडणीत आहे, तोंडात नाही.

फिल्टर गळतोय का ते पांढऱ्या कागदावर तपासू नका. कागदातली उजळक द्रव्यं स्वतःच चमकतात. स्टीलच्या चकचकीत पट्टीचा फोटो घ्या, तो जवळजवळ काळा यायला हवा. जांभळट चकाकी दिसली तर ४०५ फिल्टरमधून आत शिरतोय. हिरवी-लाल झाक दिसली तर एलईडीची शेपूट तिथवर पोहोचतेय आणि दिव्यावरही फिल्टर लागेल. स्वस्त प्लास्टिकचा पिवळा फिल्टर कधीकधी स्वतःच चमकतो, तेव्हा सगळ्या फोटोवर दुधट पडदा येतो.

मोजणी इमेजजे या प्रतिमा मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये: लाल आणि हिरवा चॅनल वेगळे करा, लालला हिरव्याने भागा, त्याच दाताच्या स्वच्छ इनॅमलचं गुणोत्तर पाया धरा. त्याच्या १.३ पटीहून जास्त असलेले पिक्सेल एकूण दर्शनी पृष्ठभागाच्या किती टक्के, तो तुमचा आकडा. १.३ ही काही पवित्र संख्या नाही, पण ठरवली की मध्येच बदलू नका. दाताची कड झूम करून हातानेच आखा. हिरडीचं गुणोत्तर मुळातच जास्त असतं, दोन-चार पिक्सेल हिरडी आत आली की हिरडीकाठी मुळात नसलेला प्लाक उगवतो. लाळेचा बुडबुडा आणि काँपोझिट फिलिंगही फसवतात.

पटाशी_२१

क्रम आणि फोकस लगेच बदलतो. काळपट हिरडीचं काय?

हिरडीकाठ

सूज म्हणून नोंदवू नका. हिमोग्लोबिन ४१५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोरात शोषतं, म्हणून रक्त साठलेली हिरडी काळवंडते हे खरं. पण मेलॅनिनमुळे सावळी असलेली निरोगी हिरडीही तशीच दिसते, आणि रिट्रॅक्टरची (गाल-ओठ बाजूला धरणाऱ्या साधनाची) सावली पडली तरी तेच. सूज ठरवायची ती प्रोबने. दर दाताला सहा जागा, सुमारे २५ ग्रॅमचा हलका दाब, अर्ध्या मिनिटात रक्त येतं का ते बघायचं. सिगारेट ओढणाऱ्यांत रक्त कमी येतं, त्यांची वेगळी नोंद ठेवा. हिरडीखालचा प्लाक आणि पॉकेटची (दात-हिरडीमधल्या फटीची) खोली या फोटोत येतच नाही, त्यामुळे लाल शून्य टक्के असूनही खोल पॉकेट असू शकतो.

रुग्ण आणि फोटो काढणारा, दोघांनीही नारिंगी गॉगल घालायचा. पॉर्फिरियाचा (शरीरात पॉर्फिरिन साठण्याच्या आजाराचा) रुग्ण असेल तर हा प्रकाश नकोच. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चालू आहे का तेही विचारा. ते प्रकाशाला संवेदनशील करतं, शिवाय जिवाणू कमी झाल्याने लाल उतरलं की श्रेय उगाच ब्रशला मिळतं.